पूरक म्हणजे दुय्यम नव्हे



गटसभांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा एक वाक्य हटकून कानावर येते. "साहेब, आमचं मुख्य पीक ऊस. बाकीचं सगळं आपलं पूरक." हे म्हणताना 'पूरक' या शब्दापाशी हात असा काही झटकला जातो, की जणू झाले तर झाले, नाही तर नाही. गाय पूरक, हरभरा पूरक. पाचट तर पूरकसुद्धा नाही, नुसता कचरा. आणि घरच्या बाईमाणसाचे काम तर हिशेबाच्या वहीत सापडतच नाही.

पूरक म्हणजे पुरे करणारा, उणे भरून काढणारा. ज्याच्यावाचून मुख्य म्हणवणाऱ्याचे काम अपुरे राहते, तो पूरक. मग तो दुय्यम कसा झाला? या अंकात आम्ही खताचा डोस किंवा नव्या जातीची माहिती एवढ्यावर न थांबता याच गोष्टीचा थोडा विचार मांडणार आहोत. विचार म्हटला तरी तो शेवटी बांधावरच येऊन पोचणार आहे, काळजी नसावी.

ताटात आणि भजनात

आधी आपले रोजचे ताट पाहू. भाकरी आणि आमटी, किंवा वरण आणि भात. ज्वारी, तांदूळ, गहू या धान्यांच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट डाळीत मेथिओनीन हा दुसरा घटक कमी पडतो, तो धान्यात बऱ्यापैकी मिळतो. शरीराला दोन्ही लागतात. नुसती भाकरी खाऊन जे साधत नाही आणि नुसती डाळ खाऊन जे साधत नाही, ते दोन्ही एका ताटात आल्यावर साधते. आता खिचडीच्या पातेल्यात मुख्य कोण आणि पूरक कोण, हे कोणी सांगावे?

संध्याकाळी देवळात भजन बसते, तिथला पखवाज पाहा. उजव्या पुडीला कायमची शाई असते, तिचा आवाज उंच. डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, तिचा आवाज खाली, घुमणारा. दोन्ही पुड्या एकाच आवाजाच्या केल्या तर पखवाज बिघडला असेच आपण म्हणू. ठेका उभा राहतो तो त्या दोन आवाजांतल्या फरकावर.

यातून पहिली गोष्ट कळते ती अशी, की दोन वस्तू सारख्या असल्या म्हणजे त्यांची जोडी जमते असे नाही. एकीजवळ जे नाही ते दुसरीजवळ असावे लागते.

चुना आणि गंधक

आपल्या कारखान्यात याहून बोलके उदाहरण आहे. गळीत हंगामात ज्यांनी कारखाना आतून पाहिला असेल त्यांना गंधकाच्या धुराचा वास आठवत असेल. गिरणीतून येणारा उसाचा रस मुळात थोडा आंबट आणि गढूळ असतो. तो तापवून त्यात चुन्याची निवळी सोडतात आणि गंधक जाळून निघणारा वायूही सोडतात.

आता गंमत पाहा. नुसता चुना जास्त झाला तर रस काळवंडतो. नुसत्या गंधकाच्या वायूने आंबटपणा वाढतो आणि आंबट तापल्या रसात साखर फुटते, म्हणजे तिची दाणेदार साखर होत नाही. एकेकटे दोघेही नुकसान करणारे. पण दोघे योग्य मापाने एकत्र आले की एकमेकांची धार मारतात, रस ना आंबट ना खारा अशा बेताला येतो आणि त्या दोघांच्या संयोगातून तयार होणारा साका रसातली घाण बरोबर घेऊन तळाशी बसतो. वर राहतो तो निवळलेला रस. पांढरी साखर होते ती या जोडीमुळे.

यातली दुसरी गोष्ट मापाची आहे. जोडी नुसती लावून भागत नाही, तिचे प्रमाण आणि वेळ सांभाळणारा माणूस तिथे उभा असावा लागतो. कारखान्यात तो केमिस्ट असतो. शेतात तो आपण असतो.

पुढे हाच रस आटवायला जी वाफ लागते, ती त्याच उसाचा भुसा बॉयलरमध्ये जाळून मिळते. गुऱ्हाळावरही तेच. काहिलीत रस आणि खाली चुलवाणात त्याच रसाची चिपाडे.

तुमचा ऊस मुळात दोघांचा

ज्याला आपण मुख्य पीक म्हणतो तो ऊस तरी एकट्याचा आहे का? जुना जाड, रसाळ, गोड ऊस चवीला उत्तम, पण नाजूक. रोगाला लवकर बळी पडणारा आणि थंडी-पाण्याचा ताण न सोसणारा. दुसऱ्या बाजूला नदीनाल्याच्या काठी आपोआप वाढणारे कास हे रानगवत. त्यात साखर जवळजवळ नाही, कांडी बोरूएवढी. पण चिवट असे, की उपटून टाकले तरी पुन्हा फुटते.

१९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे डॉ. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी या गोड उसाचा त्या रानटी कासाशी संकर केला. त्यातून को २०५ ही जात तयार होऊन १९१८ साली ती शेतकऱ्यांकडे गेली. पुढे को नावाच्या जातींची जी रांग लागली, तिच्यात गोडी आली ती जाड उसाकडून, आणि जोम, फुटवा व खोडवा धरण्याची ताकद आली ती पुष्कळशी त्या कासाकडून. आपल्याकडे १९९६ साली आलेली को ८६०३२, म्हणजे नीरा, ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकराची. तिच्याही मागच्या पिढ्यांत ते रानगवत आहेच.

तेव्हा तुमच्या खोडव्याला चांगला फुटवा आला, तर त्यात त्या बिनकामाच्या गवताचा वाटा आहे हे लक्षात ठेवा. त्याला कोणी बांधावरचे तण म्हणून कायमचे पुसून टाकले असते, तर आज आपल्या हातात काय असते?

हरभरा जमतो, मका का जमत नाही

आता बांधावर येऊ. पूर्वहंगामी ऊस आपण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात लावतो. उगवण व्हायला महिना-दीड महिना जातो. त्यानंतर फुटवे येतात, आणि पाने एकमेकांना मिळून सरी झाकायला तीन-चार महिने लागतात. तोपर्यंत दोन ओळींतली जमीन, त्यावरचे ऊन आणि आपण दिलेले पाणी यांचा धनी कोण? तण.

त्या रिकाम्या जागेत हरभरा का जमतो? एक तर त्याचा काळ वेगळा. साधारण १०५ ते ११० दिवसांत तो निघतो आणि मोठ्या बांधणीला रान मोकळे करून देतो. दुसरे, त्याची गरज वेगळी. उसाला नत्राची भूक मोठी, तर हरभरा मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळवतो. तिसरे, त्याची उंची बेताची, त्यामुळे उसाच्या कोंबावर सावली पडत नाही.

मग मका का नको? मका म्हणजे उसाचाच भाऊबंद. दोघेही गवताच्या कुळातले. दोघांनाही नत्र हवा आणि तोही एकाच वेळी. मका वेगाने उंच होतो आणि कोवळ्या उसाला अंधारात टाकतो. ज्यांची उणीव एकच आहे, ते दोघे एका ताटावर बसले तर भांडणारच.

मात्र इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "हरभरा लावला, आता उसाला नत्र फुकट," असे काही जण समजतात. तसे होत नाही. हरभरा उभा असताना शेजारच्या उसाला फारसे काही देत नाही. दाण्यातला नत्र तर पोत्यात भरून घरी किंवा बाजारात जातो. उसाला मिळतो तो मागे राहिलेल्या मुळ्या, गळालेला पाला आणि भुसकट रानात कुजल्यावर. म्हणून हरभरा मुळासकट उपटून बांधाबाहेर नेऊन झोडपला आणि भुसकट तिथेच पेटवले, तर जोडी लावली आणि जोडीचा फायदा मात्र जाळला, असे होईल. झाड विळ्याने कापा, मुळी जमिनीत राहू द्या आणि भुसकट जनावरापुढे टाका किंवा सरीत परत आणा.

आणखी तीन गोष्टी सांगतो. बियाण्याला १० किलोस २५० ग्रॅम या प्रमाणात रायझोबियम चोळा. महिन्या-सव्वा महिन्याने एखादे रोप अलगद काढून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती नावाची. दुसरे, हरभऱ्याच्या ओळीवर युरिया फेकू नका. आयता नत्र मिळाला की हरभरा गाठी धरायचा कंटाळा करतो. गड्याला घरबसल्या मजुरी मिळाली तर तो कशाला रानात येईल? उसाचा हप्ता उसाच्या ओळीतच द्या आणि मातीआड करा. तिसरे, पाणी बेताने द्या. पाणी जास्त झाले की हरभरा उभळतो.

तणनाशकाचाही विचार लावणीपूर्वी करा. उसात चालणारे २,४-डी रुंद पानाच्या तणाला मारते. हरभऱ्याचे पान रुंदच. औषधाला तण आणि हरभरा यांतला फरक कळत नाही. आंतरपीक घ्यायचे असेल तर त्या रानात खुरपणीच करावी लागेल, आणि त्याचा हिशेब आधी मांडावा लागेल.

कर्ब शेतात, नत्र गोणीत

तोड झाली की एकरी सुमारे ४ टन पाचट रानात पडते. संध्याकाळी काडी लावली की सकाळी रान मोकळे. वारे पडले की आमच्या भागात एकामागून एक जाळ दिसायला लागतात. आम्ही विचारले की उत्तर ठरलेले, "ते काय कुजतंय होय साहेब? वर्षभर तसंच राहतं."

ते कुजत नाही हे खरे आहे. पण का कुजत नाही? पाचट कुजवणारे जिवाणू कर्ब खातात, पण त्यांना स्वतःचे शरीर बांधायला नत्रही लागतो. पाचटात कर्ब रगड आणि नत्र फारच थोडा; साधारण शंभराला एक असे प्रमाण पडते. जिवाणूंना पंचवीस-तीसला एक असे जेवण मानवते. नुसत्या पाचटावर त्यांची उपासमार होते. मग ते जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा काही दिवस पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो, पाचटाने ऊस पिवळा पडला. त्याचे निरीक्षण चूक नाही, जोडीदार द्यायचा राहिला एवढेच.

एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, अशी शिफारस आहे. एकरी ४ टनांचा हिशेब केला तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो जिवाणू. बुडख्यावरचे पाचट ओढून सरीत घ्या, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा म्हणजे फुटवा जमिनीखालून येतो. पाचटावर वरील मात्रा टाकून पाणी द्या. पहिले पाणी सरीत हळू पुढे सरकते, तेव्हा धीर धरा. एकदा पाचट दबले की पुढची पाणी सुरळीत जातात, ओल टिकते आणि तणही डोके वर काढत नाही.

जाळल्यावर काय जाते तेही पाहा. पाचटात सुमारे ०.४ टक्के नत्र धरला तरी ४ टनांत १६ किलो नत्र होतो. म्हणजे ३५ किलोच्या आसपास युरिया, ४५ किलोच्या गोणीतली पाऊण गोणी. ती धूर होऊन जाते. त्याहून मोठे नुकसान कर्बाचे. युरियाची गोणी दुकानात मिळते, कर्बाची गोणी कुठल्याच दुकानात मिळत नाही. उसावर ऊस घेऊन दमलेल्या, ढेकूळ न फुटणाऱ्या जमिनीचे दुखणे तिथेच आहे. आपण शेतात फुकट पडलेला अर्धा भाग जाळतो आणि विकतचा अर्धा भाग एकटाच टाकत राहतो. मग दर वर्षी डोस वाढवूनही उतारा का पडत नाही, याचे कोडे कसे सुटणार?

वाढे, गाय आणि दहा दिवसांचे बिल

तोडीच्या दिवसांत वाढे मुबलक असतात. पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवले तर ते खंगते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते शरीरातला चुना अडवते. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत लसूणघासासारखा द्विदल चारा द्यावा. बघा, ताटातली भाकरी-आमटीच गोठ्यात आली!

त्या गाईचे शेण आपल्या रानाला आणि दूध डेअरीला. डेअरीचे बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी मिळते. उसाचे पैसे यायला लावणीपासून वर्ष ते दीड वर्ष लागते. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो; तरी बिल लांबले की कुटुंबाची काय अवस्था होते हे सभासदांना आम्ही सांगायला नको. त्या दिवसांत मुलांची फी, औषधपाणी, किराणा हे सगळे कोण चालवते? दूध. ज्याला आपण पूरक धंदा म्हणतो, तो घर चालवत असतो आणि मुख्य धंदा वर्षातून एकदा येऊन कर्ज फेडत असतो. उसाजवळ मोठी रक्कम आहे पण ती लवकर हाती येत नाही. दुधाजवळ मोठी रक्कम नाही, पण ते वेळेवर येते. दोघांची उणीव वेगळी म्हणूनच संसार उभा राहतो.

एक कोयता म्हणजे दोन माणसे

तोडणी कामगारांच्या टोळीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. साधारणपणे तो बुडातून ऊस तोडतो, वाढे छाटतो. ती ऊस गोळा करून मोळ्या बांधते. मग दोघे मिळून मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरतात. तिने मोळी बांधली नाही तर तोडलेला ऊस फडातच वाळत पडेल. एकाला दुखणे आले तर उरलेला 'अर्धा कोयता' होतो. शब्दच सांगतो की एकट्याने पुरे होत नाही. तरी उचल घेताना आणि हिशेब करताना नाव बहुधा एकाचेच.

तोडणी कामगारांचे सोडा, आपल्या घरी काय वेगळे आहे? हरभऱ्याची टोकण, खुरपणी, काढणी, गाईची धार, शेणघाण हे बहुतेक बायांच्या हातचे. आंतरपीक घ्यायचे की नाही हे मात्र पारावर ठरते. सभासदांनी हरभरा का सोडला याची कारणे आम्ही विचारतो तेव्हा "बायकांना जमत नाही" असे उत्तर येते. मग घरात शिरून माऊलींना विचारले, की त्या म्हणतात, "आम्हाला कोण विचारतंय? दहा गुंठ्यांत म्हणाले असते तर केलं असतं, एकदम दोन एकरात टोकण घालायला सांगितली." प्रमाण चुकले की चांगली जोडीही मोडते, हे त्या माऊलीने आमच्याआधी सांगितले.

आपले घरही जोडीवरच उभे

शेवटी आपल्या सहकाराचे मूळही तेच आहे. लोणीला १९५० साली प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भाग घ्यायला लावण्याएवढा विश्वास त्यांच्याजवळ होता. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. संस्थेची घडी आणि पैशाचा हिशेब कसा बसवायचा हे ज्ञान त्यांच्याजवळ. ते कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. नुसत्या विश्वासाने कारखान्याचे धुराडे उभे राहिले नसते आणि नुसत्या अर्थशास्त्राने एकही भाग विकला गेला नसता.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, आमचे या हंगामासाठी एवढेच मागणे आहे. सगळे एकदम करू नका. ज्यांचा खोडवा राहणार आहे त्यांनी निदान एका एकरात काडी लावू नये, पाचटाला त्याचा युरिया-सुपरचा जोडीदार द्यावा आणि शेजारच्या जाळलेल्या रानाशी वर्षभर ताडून पाहावे. पूर्वहंगामी लावणी करणाऱ्यांनी दहा-वीस गुंठ्यांत हरभरा टोकावा. पण त्याआधी ज्यांना तो टोकायचा आहे त्यांना घरात विचारावे. पाचट कुजवणारे जिवाणू आणि रायझोबियमसाठी तोडीपूर्वी व लावणीपूर्वी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. आमचे शेतकी मदतनीस बांधावर येऊन प्रमाण सांगतील.

पुढच्या गटसभेत आम्ही पुन्हा विचारू, मुख्य काय आणि पूरक काय? त्या वेळी उत्तर देताना हात झटकू नका. आणि सभेला एकटे येऊ नका. घरचा दुसरा अर्धा कोयताही बरोबर आणा.

आपला,
ऊस विकास अधिकारी